खूण देणाऱ्याचं नाव

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही. देवाला नाही — देवळात उभा राहिलो की मी भलतंच काहीतरी बोलत बसतो, तब्येतीचं, वाऱ्याचं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की ओळखता? आमच्या किनाऱ्यावर तुमची होडी असेल तर माझं नाव तुम्ही वाचलेलं असणार. यादीत अकराव्या ओळीला आहे. खडप अकरा. खूण देणारा — बाबल तांडेल.

त्या ओळीबद्दलच सांगायचं आहे.

मी चौथी शिकलो, तीसुद्धा अर्धी. हे लिहितोय ते कॉम्प्युटरवर, एका बोटाने. एक ओळ व्हायला चहा निवतो. हसू नका. ज्या मशीनला मी भर सभेत नावं ठेवली, त्याच मशीनवर लिहितोय.

दर वर्षी नारळीपौर्णिमा झाली की होडीवाले माझ्या पडवीत येतात. हातात जीपीएसची डबी, नाहीतर तो पेन ड्राइव्ह. मी मशीन चालू करतो, यादी उघडतो, ज्याला जशी हवी तशी देतो. कोण नारळ ठेवतो, कोण चार बांगडे. आणि जाताना कोणीतरी म्हणतोच — बाबलकाका, तुमच्या खुणेमुळे वाट निर्धास्त झाली. मी मान हलवतो. तुम्ही म्हणाल, यात कबूल करण्यासारखं काय? थांबा जरा. मला एकदम जमत नाही.

आधी खूण म्हणजे काय ते सांगतो. समुद्राच्या पोटात खडपं असतात, बुडालेले खडक. वरून काही दिसत नाही. मग जमिनीवरच्या दोन वस्तू धरायच्या — एका बाजूला देवळाचा कळस बुरुजाच्या फटीत बसला पाहिजे, दुसऱ्या बाजूला अमुक डोंगराचं टोक तमुक माडावर आलं पाहिजे. दोन्ही एकदम जुळलं की होडीच्या खाली खडप. खडपावर मासा. तांबोशी, गोबरा, सुरमईचे दिवस असतील तर सुरमई. आणि भरतीला होडी वरून सरळ जाते, पण अमावास्या-पौर्णिमेच्या सुकतीला, म्हणजे ओहोटीला, तेच खडप पाण्याखाली हातभर येऊन बसतं. चुकलात तर होडीचा तळ फुटतो.

अशी खूण तांडेल, म्हणजे होडी हाकणारा म्होरक्या, कोणाला सांगत नाही. बाप मरताना सांगतो, तीही एकाच मुलाला. माझ्या बापाने मला सांगितली. माझ्या धाकट्या भावाला नाही. भाऊ मग मुंबईला नोकरीला गेला, तिथेच आजारी पडून गेला. त्याची बायको आधीच गेली होती. त्याची मुलगी आठ वर्षांची असताना आमच्या घरी आली. वैजू. मला मूल नाही. वैजूच आमची.

तिच्या बापाला जी खूण मिळाली नाही, ती माझ्यापाशी होती. हे मी तिला कधी बोललो नाही. ती कधी विचारतही नव्हती. तिचं डोकं दुसरीकडे होतं.

वैजू शिकली. कॉम्प्युटर शिकली आणि आमच्या मच्छीमार सोसायटीत कामाला लागली. सोसायटीला एक कॉम्प्युटर मिळाला होता, तो महिन्यातून तीन वेळा आजारी पडायचा. व्हायरस, व्हायरस. मालवणातून माणूस यायचा, कॉपी केलेली सीडी घालायचा, चार दिवस बरं, परत तेच. वैजूने एक दिवस ते सगळं पुसलं आणि त्यात लिनक्स घातलं, म्हणजे मशीन चालवणारा दुसरा प्रोग्राम. फुकट मिळतं म्हणाली. पोस्टाने सीडी आली होती. सेक्रेटरी घाबरले — फुकट म्हणजे काहीतरी गोम असणार. मी तर हसलोच. दर्यावर खारा वारा तेवढा फुकट, बाकी सगळ्याला काहीतरी द्यावं लागतं.

घरीही एक जुना डबा आणला तिने, कोणीतरी टाकून दिलेला. त्यात तेच घातलं. आणि त्यात मराठी आलं. हे मला — खरं सांगायला काय जातं — मनातून आवडलं. पडद्यावर ‘उघडा’, ‘साठवा’, ‘बंद करा’. मला वाचता येत होतं. त्याआधी कॉम्प्युटर मला वाचता येण्याजोगी वस्तूच वाटली नव्हती.

ती मला समजावायची. जगभरच्या माणसांनी मिळून हे केलं आहे. कोणीही आत डोकावावं, चूक दिसली तर दुरुस्त करावी, दुसऱ्याला द्यावं. एकच रीत — ज्याने दिलं त्याचं नाव खोडायचं नाही. मी म्हणालो, म्हणजे खुणा चव्हाट्यावर मांडणारी माणसं. ती हसली. पण तिथूनच तिच्या डोक्यात ते आलं असेल काय? माझ्याच तोंडून? असेल.

तिने सोसायटीत विषय काढला. सगळ्या तांडेलांनी आपापल्या धोक्याच्या खडपांच्या खुणा द्याव्या, ती नकाशा करील, छापून सगळ्या होड्यांना देईल. नवीन पोरं यंत्राच्या होड्या घेऊन येतात, जाळी फाडतात, एक दिवस माणूस जाईल. पण सभेत कोणी पुढे येईना. कोण खूण देणार? तेव्हा ती उठली आणि म्हणाली —

“माझो काका पयलो देतलो.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काय करणार होतो? नाही म्हटलं असतं तर? तेवढं सरळ तरी झालं असतं. पण सगळ्यांत जुना तांडेल मी, आणि माझ्याच घरची मुलगी छाती काढून बोललेली. मी म्हणालो, देतो की. त्यात काय.

मी आधी म्हटल्यावर बाकीच्यांनी पण दिल्या. कुरकुरत दिल्या, पण खऱ्या दिल्या. हे ध्यानात ठेवा. माझ्या शब्दावर त्यांनी खऱ्या दिल्या.

होळी होऊन गेली होती. समुद्र तेलासारखा. वैजूने ती डबी माझ्या हातात दिली, साबणाच्या वडीएवढी. खडपावर पोचलात की हे बटण दाबा, बाकी मी बघते. मी एकटाच गेलो. कोणी बरोबर येतो म्हणाला तर त्याला हाकलला.

कळस फटीत बसला. डोंगर माडावर आला. खाली माझ्या बापाचं खडप.

मी होडीचं यंत्र बंद केलं. गळ टाकला. का टाकला? सवय. एक तांबोशी आली, चांगली हातभर, लालभडक. मी तिच्याकडे बघत बसलो. अंगठा बटणावर होता. मनात म्हणालो, हे बटण दाबलं की उद्या इथे दहा होड्या उभ्या. शेजारच्या तारकर्लीचा गंगाराम उभा, त्याच्या गावचे सगळे उभे. बापाने भावाला दिली नाही ती खूण मी सगळ्या बंदराला देऊ? माझ्यापाशी दुसरं आहे तरी काय? शिक्षण नाही, पोर नाही. लोक मला ‘बाबल तांडेल’ म्हणतात ते एवढ्यापायीच ना?

मी यंत्र सुरू केलं. दक्षिणेला गेलो. दोन हात पसरले की एक वाव होते — तशा दोनशे वाव गेलो असेन. तिथे तळाला नुसती वाळू. तिथे बटण दाबलं.

हेच ते. लिहिलं बघा. तोंडाने एक अक्षर बोललो नाही. अंगठ्याने खोटं बोललो.

घरी आल्यावर वैजूने विचारलं, दाबलं ना? मी तांबोशी तिच्यापुढे टाकली आणि म्हणालो, कालवण कर. ती खूश होती. डबीतून जागेचे आकडे तारेने मशीनमध्ये आले, आणि त्यापुढे माझ्या नावाची ओळ तिने माझ्यासमोर लिहिली. मी वाचली. माझं नाव पडद्यावर मी पहिल्यांदा बघितलं.

पावसाळ्यात नकाशा झाला. नारळीपौर्णिमेला सोसायटीने वाटला. ज्यांच्याकडे डब्या होत्या त्यांच्या डब्यांत वैजूने खुणा घातल्या.

आता एक गोष्ट समजून घ्या, कारण मला ती समजायला फार उशीर झाला. आधी त्या भागात खडप आहे एवढं सगळ्यांना ठाऊक होतं, नेमकं कुठे ते नव्हतं. म्हणून सगळे लांबून वळसा घालायचे. नकाशा आल्यावर वळसा घालायचं कारण उरलं नाही. खडप कुठे ते कळलं होतं ना! बाबल तांडेलाने सांगितलं होतं.

तारकर्लीचा गंगाराम सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी सकाळी माघारी येत होता. सुकती पूर्ण लागलेली. नकाशातल्या खडपापासून दोनशे वाव उत्तरेने, बिनधास्त, यंत्र पूर्ण जोरात. आणि बरोब्बर माझ्या बापाच्या खडपावर.

होडीचा तळ फुटला. बरोबरची दोन माणसं पोहली, दुसऱ्या होडीने उचलली. गंगाराम होडी आणि खडपाच्या मध्ये सापडला. गुडघ्याचा भुगा झाला. पाय कापला नाही, पण वाकत नाही. होडीत उभं राहायला गुडघा वाकावा लागतो हो. न वाकणाऱ्या पायाने समुद्रावर माणूस कसा उभा राहणार? तो आता जाळी शिवतो. आमच्या बंदरातल्या जाळ्यांसाठी रोज माझ्याच आळीच्या टोकाला येऊन बसतो.

मी त्याला बघायला हॉस्पिटलात गेलो. गेलो कशाला? न जाता कसं चाललं असतं — लोकांनी विचारलं असतं. तो पडल्या पडल्या म्हणाला —

“मशीनीवर कोण इस्वास ठेयता, बाबलकाका? मी तुमच्या नावावर ठेयलंय.”

मी त्याला मोसंब्यांची पिशवी दिली. हो. मोसंबी दिली.

घरी आलो तर वैजू कॉम्प्युटरसमोर बसलेली. बस म्हणाली नाही, तरी मी बसलो. पडद्यावर निळ्यात एक बारीक रेघ होती, बंदरातून निघालेली. मी विचारलं हे काय. तर म्हणाली, तुम्ही त्या दिवशी गेलात ती वाट.

मला काय माहीत? मला वाटत होतं बटण दाबलं तेवढंच डबीला कळतं. सगळा जन्म समुद्रावर काढला, पाण्यावर वाट राहते हे कधी ऐकलं नव्हतं. होडी गेली, पाणी मिटलं, संपलं. आणि इथे माझी वाट होती — वळणासकट.

तिने बोट ठेवलं. आवाज अगदी हळू.

“हंय होडी थांबली, काका. वीस मिनटां. आणि बटाण दाबलास ता हंय खाली.” मग म्हणाली, “विसारलास काय?”

ऐकलंत? तिने मला वाट काढून दिली. विसरलो म्हटलं असतं तर संपलं असतं. म्हातारा माणूस, विसरला. लोक दोन दिवस बोलले असते. पण म्हातारा झालो, विसरतो — हे बाबल तांडेल म्हणणार?

“तुझ्या मशीनीक दर्या कळता काय गो?” मी म्हणालो. “मी खडपारच दाबलंय.”

तिने माझ्याकडे बघितलं. आठ वर्षांची असताना मुंबईच्या गाडीतून उतरली होती, तेव्हा अशीच बघत होती. मग म्हणाली, “बरा.” आणि ‘बंद करा’वर टिचकी मारली.

चार दिवसांनी सोसायटीची सभा. बसायला जागा नव्हती, तारकर्लीची माणसं दाराबाहेर उभी. मी पहिल्या रांगेत. वैजू बाजूच्या टेबलाशी, कॉम्प्युटरपाशी. मला सारखं वाटत होतं, आता ती ते मशीन चालू करील. आता ती रेघ दाखवील. तिची रीतच ती — सगळं उघडं ठेवायचं, कोणीही बघावं. सभेत अर्ध्या माणसांना डबी वापरता येत होती, रेघ दाखवली असती तर लगेच कळलं असतं.

सेक्रेटरी शुद्ध भाषेत म्हणाले, “तांडेल, खूण तुमची. तुम्ही जुने जाणकार. मग चूक झाली कुठे?”

मी उभा राहिलो. उभा राहीपर्यंत मला माहीत नव्हतं मी काय बोलणार. हे खरं आहे, पण त्याने काही फरक पडत नाही.

“माझी खूण माझ्या बापाशीची. ती चुकाची नाय,” मी म्हणालो. “फुकटच्या वस्तूक जामीन कोण? कोणी केला ता म्हायत नाय, कोण खंयचो आत हात घालता ता म्हायत नाय. तेनाच आकडे फिरवले.”

लोकांना ते पटलं. लगेच पटलं. फुकट ते असंच, असं मागून चार जण म्हणाले. सेक्रेटरींनी सुटल्यासारखी मान हलवली. एवढ्यात वैजू उठली. माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, आता. बस, आता.

“पोग्रामाची चूक नाय,” ती म्हणाली. “काकाची खूण बरोबर होती. आकडो घालताना मी चुकलंय.”

झालं. तिला माहीत होतं, डबीतून मशीनमध्ये आकडे तारेने येतात, हाताने कोणी घालतच नाही. दुसऱ्या कोणाला ते माहीत नव्हतं. ज्या माणसांना तिने कधी बघितलं नाही त्यांच्या कामाला तिने बोल लागू दिला नाही. मला लागू दिला नाही. राहिली कोण? जी मुलगी म्हणायची काही लपवायचं नसतं, तिने त्या दिवशी एकच गोष्ट लपवली. माझी.

दाराबाहेरून कोणीतरी बाई तिला शिव्या देत होती. गंगारामची आई. मी खाली बसलो. खुर्ची माझ्यासाठी रिकामी ठेवलेली होती, तीवर.

तिची नोकरी गेली. सोसायटीच्या कॉम्प्युटरमधून लिनक्स काढलं, मालवणचा माणूस परत कॉपी केलेली सीडी घेऊन आला. व्हायरस परत आला. नकाशा त्यात होता तो उडाला. मग लोकांना आठवलं, यादी आमच्या घरच्या मशीनमध्ये आहे. तेव्हापासून लोक माझ्या पडवीत येतात.

वैजू तीन महिने घरात होती. माझ्याशी बोलायची — जेवा, गोळी घेतली काय, पाऊस येतोय. त्या तीन महिन्यांत तिने मला मशीन शिकवलं. चालू कसं करायचं, यादी कशी उघडायची, कशी द्यायची. मी हट्टाने शिकलो. शेवटच्या दिवशी तिने अकरावी ओळ उघडली. आकडे बदललेले होते. नाव तेच.

“चूक दिसली काय बदलूची, काका,” ती म्हणाली. “कोणीय बदलूक शकता. नावावर टिचकी मारायची, बस.” तिने मला तेही करून दाखवलं. दुसऱ्या एका ओळीवर. तेव्हाही माझ्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती पणजीला गेली. तिथे एका कचेरीत हेच लिनक्स चालतं, त्या कामावर. बरं चाललं आहे तिचं.

ती गेल्यावर मी नवीन आकडे डबीत घालून होडी काढली. एकटाच. डबीने टिक्‌ टिक्‌ केलं, हीच जागा म्हणाली. मी मान वर केली. कळस बुरुजाच्या फटीत बसला होता. डोंगर माडावर होता. एका वावेचाही फरक नाही. त्या रेघेवरून तिने काढलं होतं. जी खूण मी तिच्या बापाला कधी सांगितली नाही, तिला दिली नाही, बंदराला दिली नाही — ती तिने माझ्याच चोरीच्या वाटेवरून शोधली, सगळ्यांना देऊन टाकली, आणि त्यावर नाव माझं ठेवलं.

त्यानंतर त्या खडपावर एकही होडी लागलेली नाही. मासाही, जाता जाता सांगतो, संपलेला नाही. सगळ्यांना मिळतो.

ती रविवारी फोन करते. बायकोशी बोलते, मग मला विचारते, यादी बरी आहे ना? मी म्हणतो, आहे. गंगारामच्या समोरून मी रोज जातो. तो सुईत सूत ओवता ओवता हात वर करतो. त्याला अजून वाटतं वैजूने आकडा चुकवला. तिचं नाव निघालं की तो थुंकतो. मी तिथे उभा असतो.

या गोष्टीला चार वर्षं झाली. यादी आत्ता माझ्यासमोर उघडी आहे, या लिखाणाच्या बाजूला. अकरावी ओळ. नावावर टिचकी मारायची, बाबल खोडायचं, वैजयंती लिहायचं. मला लिहिता येतं, तुम्ही बघताच आहात. किती वेळा टिचकी मारली आहे. ती बारीक उभी रेघ माझ्या नावाच्या शेवटी उघडझाप करत राहते.

पुढच्या आठवड्यात नारळीपौर्णिमा. लोक येतील. यादी तशीच आहे.